मास्तरांच्या पानावरचे रिकामे चौकोन

नमस्कार.

मला नीट बोलता येत नाही, हे इथं बसलेल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. म्हणून लिहून आणलं आहे. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. हा पाचवा कागद.

नाना, गयाकाकू, वाद्यवृंदातले माझे सगळे सोबती, आणि भर उन्हात इथवर आलेली सगळी मंडळी.

शेषराव मास्तरांना जाऊन आज आठ दिवस झाले. ज्या पत्र्याच्या शेडमध्ये आपण बसलो आहोत, इथंच दर रविवारी सकाळी ते आपली तालीम घ्यायचे. खुर्च्या त्याच आहेत. सतरंजी तीच आहे.

आपले अध्यक्ष नाना यांनी मला शोकप्रस्ताव वाचायला सांगितलं आहे. प्रस्ताव नानांनी सांगितला आणि मी लिहिला. अक्षर चांगलं म्हणून अशी कामं माझ्याकडंच येतात. काल मी तो पुन्हा वाचला. त्यातलं सगळं खरं आहे, एक वाक्य सोडून. ते वाक्य असं आहे: "वाढत्या वयाची जाणीव ठेवून मास्तरांनी स्वखुशीने वादन थांबवले व तरुणांना जागा करून दिली."

आत्ता माझ्याआधी तिघे बोलले. तिघांनीही हेच सांगितलं. कुणी मोठेपणा म्हणालं, कुणी त्याग म्हणालं. त्यांची चूक नाही. त्यांना तेवढंच माहीत आहे.

मला ते वाक्य वाचता येणार नाही. का येणार नाही, ते आधी सांगतो. मग प्रस्तावाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

मास्तरांचा लग्नाचा बँड होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. लाल कोट, सोनेरी गोंडे, पुढं मास्तर क्लॅरिनेट घेऊन. मग डीजे आले. बँडला कुणी बोलावीना. वाजवणारे कुणी ट्रॅक्टरवर गेले, कुणी पुण्याला गेले. मास्तरांच्या घरात वाद्यं तेवढी राहिली. एका पेटीत दोन क्लॅरिनेट, भिंतीला टेकवलेले पितळी बाजे, आणि एक ढोल, ज्याच्यावर मास्तरांच्या पत्नी, आपल्या गयाकाकू, पापड वाळत घालायच्या. काकू, मी खोटं बोलत नाही ना?

मी तेव्हा फ्लेक्सच्या दुकानात नवीन लागलो होतो. दहावीत दोनदा नापास. शाळा सुटली, पण शुद्धलेखनाची काळजी सुटली नाही. दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेत वेलांटी चुकलेली दिसली तरी मला जेवण जात नाही. एके दिवशी मास्तर चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, याचा फ्लेक्स करायचा. चिठ्ठीत लिहिलं होतं: "वाजवायला या. येत नसेल तरी या. फी न्हाई. पगार न्हाई."

मी दोन दुरुस्त्या केल्या आणि विचारलं, "मास्तर, येत नसेल तरी या, हे कसं? ज्याला वाजवता येत नाही तो येऊन काय वाजवणार?"

मास्तर म्हणाले, "एक सूर तर येईल का न्हाई माणसाला? मग त्याला एकच सूर देऊ. त्याच्या पाळीला त्यानं तेवढा वाजवायचा."

मग माझ्या दुरुस्त्यांकडं बघून म्हणाले, "लई बारीक नजर हाय बे तुजी. रविवारी ये. मला लिहिणारा पायजे."

मी गेलो. पहिल्या रविवारी आम्ही पाच जण होतो. मास्तर, मी, हलगी घेऊन संदीपान, एक शिंपीकाका आणि शेळ्या राखणारे एक आजोबा, पावा घेऊन. आजोबांच्या शेळ्या बाहेर बांधल्या होत्या आणि त्या आमच्यापेक्षा जास्त सुरात ओरडत होत्या. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, "मास्तर, लग्नाला वाजवता का मयताला?" मास्तर सांगायचे, "दोनीला न्हाई. आमी रविवारला वाजवतो."

पाचाचे नऊ झाले. नवाचे सोळा. किल्ल्याकडच्या वस्तीतल्या दोन बहिणी बुलबुल तरंग घेऊन आल्या. मग नानांनी हे शेड दिलं, खुर्च्या दिल्या. पुढं केज रोडवरून, आडसकडून लोक मोटारसायकलवर यायला लागले. कुणालाही मास्तरांनी परत पाठवलं नाही. एका सुराची माणसं आमच्यात कायम चार-पाच असायची. आजही आहेत. हात वर करू नका, मला माहीत आहे कोण ते.

आता आमच्या कागदाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या कागदावरच झालं.

आमच्यातल्या कुणालाच इंग्रजी पद्धतीचं संगीत वाचता येत नव्हतं. मास्तरांनी चौकटीची वही आणायला लावली. एक चौकोन म्हणजे एक मात्रा. चौकोनात सा असेल तर सा वाजवायचा, ग असेल तर ग. चौकोन रिकामा असेल तर गप्प बसायचं, पण मनात मोजायचं. प्रत्येकाचं पान वेगळं. ती पानं मी लिहायचो. पहिल्याच वर्षी दोन बाजेवाल्यांचं भांडण झालं, की मधला तुकडा कुणी वाजवायचा. दोघंही वाजवायचे आणि दोघंही एकमेकांकडं डोळे वटारून वाजवायचे. तेव्हा मास्तरांनी नियम केला. म्हणाले, "कागदावर जे हाय ते. मनाचं कुणी वाजवायचं न्हाई. माज्यासकट."

माज्यासकट. हा शब्द मला आठ दिवस झोपू देत नाही.

दिवाळी झाली, की आपल्यातले अर्धे लोक ऊसतोडीला जातात. संदीपान जातो, त्याची बायको जाते, बाजेवाले जातात. पहिल्या वर्षी ते गेल्यावर मी मास्तरांना म्हणालो, त्यांचे सूर बाकीच्यांना वाटून देतो, म्हणजे गाणं पूर्ण वाजेल. मास्तर असे चिडले, की तसं चिडलेलं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

"कावून? संदीपान मेलाय का? तो परत येनारे. त्याची जागा रिकामी ठिव."

तेव्हापासून ही आपली रीत झाली. जो साखर कारखान्यावर गेला, त्याचे चौकोन रिकामे. गाणं तसंच वाजवायचं, भोकं पडलेलं. लोकांना आधी गंमत वाटायची. मग सवय झाली. गाण्यात मध्येच सामसूम झाली, की ऐकणाऱ्यांतलंच कुणीतरी बोलायचं, "हितं संदीपान हाय. कर्नाटकात गेलाय." उन्हाळ्यात माणसं परत आली, की गाणं पुन्हा भरायचं. सगळ्या महाराष्ट्रात असं कुणी वाजवत असेल असं मला वाटत नाही. मला या रीतीचा अभिमान होता. आणि मी जे केलं ते हीच रीत वापरून केलं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांचे पुढचे दात गेले. त्यांनी कवळी बसवली. क्लॅरिनेट वरच्या दातांवर धरतात. कवळी हलली, की सूर चिरकतो. पालीच्या जत्रेत आपला कार्यक्रम होता, तो तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला. मास्तरांचा एकट्याचा तुकडा आला आणि क्लॅरिनेट चिरकलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हातारं कोकलायलंय, दूध पाजा!" सगळे हसले. मास्तर पण हसले. वाजवून झाल्यावर माईकवर म्हणाले, "दात नवे हायत, नांदायला वेळ लागंल."

मी हसलो नाही. मला लाज वाटली. मास्तरांसाठी वाटली असती, तर आज मी इथं असं उभा नसतो. मला माझ्यासाठी लाज वाटली. माझा कागद चोख होता, आणि त्यांच्यामुळं तो चुकीचा ऐकू गेला, असं मला वाटलं. माणसाचं मन किती लहान असू शकतं, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि ते माझंच होतं.

त्यानंतर महिन्याभरात अंबाजोगाईचा कार्यक्रम ठरला. पहिल्यांदाच आपण मोठ्या सभागृहात, शिकलेल्या लोकांपुढं वाजवणार होतो. मी पानं लिहायला बसलो. मास्तरांचं पान आलं. मी त्यांच्या एकट्याच्या तुकड्याचे सूर बुलबुलवाल्या बहिणींच्या पानावर लिहिले. आणि मास्तरांच्या पानावर ते चौकोन रिकामे ठेवले. शेवटच्या आठ मात्रा तेवढ्या राहू दिल्या, सगळेच मोठ्यानं वाजवतात तिथल्या.

मी त्यांना विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. दुसऱ्याचे सूर वाटून द्यायचे नाहीत, हा त्यांचाच शब्द मोडला, तोही त्यांच्याच पानावर.

रविवारी मास्तरांनी पान हातात घेतलं. चष्मा वर केला, खाली केला. मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"अंगद, मी कुठल्या कारखान्यावर गेलोय रे?"

सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "मास्तर, तालमीपुरतं आहे. तुमचे दात बसेपर्यंत."

ते म्हणाले, "आसं व्हय."

एवढंच. पेन घेऊन ते चौकोन त्यांना भरता आले असते. वाद्यवृंद त्यांचा, गाणं त्यांनी बसवलेलं. पण नियम होता. कागदावर जे हाय ते.

अंबाजोगाईला मास्तर रंगमंचावर आपल्या पहिल्या रांगेत बसले होते, क्लॅरिनेट मांडीवर आडवं धरून. बोटानं गुडघ्यावर मात्रा मोजत होते. एकही मात्रा चुकले नाहीत. आठ मात्रा वाजवल्या आणि थांबले. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. एका प्राध्यापकबाईंनी येऊन मला विचारलं, "मांडणी कुणाची?" मी म्हणालो, "माझी." मास्तर हातभर अंतरावर उभे होते.

मी "तालमीपुरतं" म्हणालो होतो. पुढच्या कार्यक्रमाला पण तेच पान दिलं. त्याच्या पुढच्याला आठाच्या चार मात्रा केल्या. मग दोन. बार्शीच्या कार्यक्रमाला त्यांच्या पानावर एकही अक्षर नव्हतं. ते आले, बसले, पेटी उघडली, क्लॅरिनेट जोडलं, गाणं संपल्यावर पुसून परत ठेवलं. त्यानंतर त्यांनी रंगमंचावर यायचं थांबवलं. तालमीला मात्र येत राहिले. आणि कुणीतरी बोलून गेलं, की मास्तरांनी पोरांसाठी जागा सोडली. ते मी ऐकलं. दुरुस्त केलं नाही. लोकांच्या वेलांट्या दुरुस्त करणारा माणूस मी.

मंडळी, इथपर्यंतचं सांगून थांबलो असतो, तर तुम्ही म्हणाला असता, पोराची चूक झाली, कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून केलं. पण अजून आहे.

या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी नवीन गाण्याची पानं द्यायला मास्तरांच्या घरी गेलो. गल्लीच्या तोंडाशी असतानाच क्लॅरिनेट ऐकू आलं. तो पालीच्या जत्रेत चिरकलेला तुकडा होता. पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत. मी तिथंच उभा राहून ऐकला. एकदाही चिरकलं नाही. सूर जरा मऊ होता, पूर्वीसारखा धारदार नव्हता. पण स्वच्छ होता.

काकू ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "कवळी काढून ठिवतेत अन् दोनी ओठ आत घिऊन वाजवतेत. सहा महिने झाले शिकायलेत. ओठाला फोड येतेत, तूप लावतेत, पुन्ना वाजवतेत. म्या म्हनलं, या वयात कशाला? तर म्हनले, अंगद पान लिहील, तवर तयार असावं मानसानं."

माझ्या हातात नवीन गाण्याची पानं होती. त्यात मास्तरांचं पान होतं. ते सगळं रिकामं होतं.

काकू, मी ते पान तुमच्या हातात दिलं. तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून तुम्ही ते नीट घडी करून कनवटीला ठेवलंत आणि मला चहाला बसा म्हणालात. मी म्हणालो, दुकान उघडायचं आहे. दुकान त्या दिवशी बंद होतं.

मी आत का गेलो नाही? मी गेलो असतो, तर म्हणावं लागलं असतं, मास्तर, मी चुकलो. तेवढे तीन शब्द. ते म्हणावे लागू नयेत म्हणून मी त्यांना आणखी तीन महिने गप्प ठेवलं. दर रविवारी ते समोर बसायचे. दर रविवारी मी ठरवायचो, पुढच्या वेळी पान लिहू. नवीन वही आणू, चांगल्या शाईनं लिहू, खाडाखोड नको. मग गुरुवारी सकाळी नानांचा फोन आला, की मास्तर अंगणात बसल्या जागी गेले.

परवा काकूंनी मला मास्तरांची पानांची फाइल दिली. पहिल्या रविवारच्या पानापासून सगळी ओळीनं लावलेली आहेत. ती रिकामी पानंही आहेत. त्या पानांवर प्रत्येक रिकाम्या चौकोनात पेन्सिलीनं एक बारीक टिंब आहे. मास्तरांनी प्रत्येक मात्रा मोजली होती. मी लिहिलेली एकही रिकामी मात्रा त्यांनी सोडली नाही.

काल मी हे सगळं संदीपानला सांगितलं. आधी कुणाला तरी सांगून पाहावं म्हणून. संदीपान, तू काय म्हणालास ते सांगतो, रागावू नकोस. तू म्हणालास, "मला वाटलंच व्हतं बे. अंबाजोगाईहून येतानाच वाटलं व्हतं." मग म्हणालास, "पन आता कावून उकरतो? प्रस्तावात चांगलंच लिवलंय की. मानूस त्यागी निघाला, तुज्या बापाचं काय गेलं?"

मीही रात्रभर तोच विचार केला. काय बिघडतं? मास्तरांचं नाव मोठंच होतंय. पण मग मला असं वाटलं, की आपण मेलेल्या माणसाकडून अजून एक गोष्ट न विचारता घेतो आहोत. त्यांना वाजवायचं होतं. ओठाला फोड येईपर्यंत वाजवायचं होतं. त्याला आपण स्वखुशी म्हणून मोकळे होणार. प्रस्ताव चौकटीत लावला जाणार, या भिंतीवर. नवीन पोरं येतील, वाचतील, आणि एखाद्या म्हाताऱ्याला म्हणतील, बघा, मास्तर कसे आपणहून बाजूला झाले. हे होऊ द्यायचं नाही. माझ्या अक्षरात तर नाहीच.

आज सकाळी मी काकूंना विचारलं, सभेत बोलू का? काकूंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बोल. पन रडू नको तितं. तू रडलास की लोक तुलाच समजावत बसतील."

म्हणून मी रडत नाही.

नाना, तुमची परवानगी न घेता मी प्रस्तावातलं ते एक वाक्य खोडलं आहे. त्या जागी हे लिहिलं आहे: "शेवटची दोन वर्षे मास्तरांचे सूर त्यांना न विचारता त्यांच्या पानावरून काढण्यात आले. हे काम पाने लिहिणाऱ्या अंगदने केले. मास्तरांना शेवटपर्यंत वाजवायचे होते, आणि त्यांना वाजवता येत होते."

बाकी प्रस्ताव नानांनी सांगितला तसाच आहे. काना-मात्रा तपासली आहे.

मी माफी मागत नाही. ज्यांच्याकडं मागायची ते ऐकायला नाहीत, आणि तुम्ही दिलीत तर मला हलकं वाटेल. ते मला नको आहे. वाद्यवृंदात मला ठेवायचं की नाही, तेही आज विचारत नाही. पानं लिहायला दुसरं कुणी बघा, एवढं मात्र सांगतो. मी शिकवीन. आणि जो कुणी लिहील, त्याला माझी एक विनंती आहे. एखाद्याचा चौकोन रिकामा ठेवायचा असेल, तर आधी त्याच्या घरी जा. दार वाजवा. त्याच्या तोंडावर सांगा. तो शिव्या देईल, त्या खा.

शोकप्रस्ताव उभं राहून मंजूर करायची पद्धत आहे. बदललेलं वाक्य ज्यांना मान्य असेल त्यांनी उभं राहावं, आणि दोन मिनिटं तसंच शांत उभं राहावं. ज्यांना मान्य नसेल त्यांनी बसून राहावं. कुणी कुणाकडं बघू नये.

काकू, तुम्ही नका उठू. तुम्ही बसून राहा. आज तुमच्यापुढं आम्ही उभं राहायचं आहे.